दसऱ्याच्या काट्याआधी: जिनिंगच्या खरेदी प्रणालीच्या प्रकल्प नोंदी

15 सप्टेंबर 2025, सोमवार

धरणगाव तालुक्यातील एका जिनिंग-प्रेसिंग कारखान्यासाठी (जिथे कापसातून सरकी वेगळी काढून रुईच्या गाठी बांधतात) आपण कापूस खरेदीची जी संगणक प्रणाली तयार करीत आहोत, तिचा चौथा स्प्रिंट, म्हणजे ठरावीक कामे पूर्ण करायचा ठरलेला कालखंड, आज जळगावच्या कार्यालयात सुरू झाला. तो दोन आठवड्यांचा असून शुक्रवारी, 26 तारखेला संपेल. त्यानंतरचे दिवस कारखान्यात यंत्रे बसवणे, छपाई तपासणे आणि माणसांना शिकवणे यांसाठी ठेवले आहेत. 2 ऑक्टोबरला दसरा आहे, आणि त्या दिवशी काट्याची पूजा झाल्यावर पहिली गाडी आपल्या प्रणालीतून जाईल, असा शब्द आपण कारखान्याच्या मालकांना, म्हणजे आबांना, दिला आहे.

स्प्रिंटचे ध्येय एका वाक्यात लिहून भिंतीवर लावले: शेतकऱ्याची गाडी फाटकातून आत आल्यापासून त्याच्या हातात हिशोबपट्टी पडेपर्यंत वहीची गरज लागू नये. या ध्येयासाठी फाटकावरील नोंद, वजनकाट्याची जोडणी, भाव भरणे, हिशोबपट्टीची छपाई आणि बँकेसाठी भरणा यादी अशी पाच कामे घेतली आहेत. सहावे काम म्हणजे आबांच्या मोबाइलवर दिसणारा दिवसाच्या खरेदीचा डॅशबोर्ड. तो त्यांना मनापासून हवा आहे, म्हणून घेतला आहे. ध्येयाशी त्याचा थेट संबंध नाही, ही गोष्ट मी येथे मुद्दाम लिहून ठेवतो.

17 सप्टेंबर, बुधवार

काट्याची जोडणी झाली. गाडी काट्यावर चढून स्थिर होईपर्यंत आकडा खालीवर होत राहतो, म्हणून आकडा काही क्षण न बदलता टिकला तरच ‘वजन घ्या’ ही कळ चालू होईल, अशी व्यवस्था केली.

19 सप्टेंबर, शुक्रवार

आजचा डेमो चांगला झाला. हिशोबपट्टीवरील अक्षरे मोठी करावीत आणि शेतकऱ्याचे गाव नावाच्या खालीच यावे, असे कारखान्याचा हिशोब पाहणाऱ्या मुनीमजींनी सुचवले. हा अर्ध्या तासाचा बदल होता, तो लगेच करून दिला. अशा बदलांसाठी कागदपत्रांचा खटाटोप करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

मात्र दुपारनंतर एक वेगळी गोष्ट लक्षात आली. भरणा यादीमध्ये हमाली आणि तोलाईची रक्कम वेगवेगळ्या रकान्यांत दिसू लागली होती, आणि असे कोणतेही काम आपल्या बॅकलॉगमध्ये, म्हणजे करायच्या कामांच्या यादीत, नव्हते. चौकशी केली तेव्हा कळले की बुधवारी मुनीमजींनी आपल्या सर्वांत नव्या सहकाऱ्याला थेट फोन करून ‘भाऊ, एवढे करून टाका’ असे म्हटले, आणि त्याने भिडेपोटी रात्री बसून ते करून दिले. काम चुकलेले नव्हते. पण टेस्टिंग पाहणाऱ्या ताईंना त्याचा पत्ता नव्हता, जुन्या यादीवर लिहिलेल्या दोन चाचण्या त्यामुळे मोडल्या, आणि त्याचे स्वतःचे ठरलेले काम दीड दिवस मागे पडले.

मी त्याला रागावलो नाही. वडीलधाऱ्या माणसाला नाही म्हणणे आपल्याकडे तेविसाव्या वर्षी सोपे नसते, आणि तो भार त्याच्यावर येऊ न देणे ही प्रॉडक्ट ओनर, म्हणजे कोणते काम आधी घ्यायचे ते ठरवणारा, म्हणून माझी जबाबदारी आहे. मुनीमजींना मी फोन करून नम्रपणे सांगितले की कोणताही बदल, लहान असो वा मोठा, माझ्याकडे येऊ द्यावा. तो अडवण्यासाठी मी हे म्हणत नाही, तो हरवू नये म्हणून म्हणतो. त्यांनी ते मानले.

22 सप्टेंबर, सोमवार

आज घटस्थापना, त्यामुळे अर्धेच लोक कार्यालयात होते. जीएसटीचे नवे दर आजपासून लागू झाल्याने आपल्या प्रणालीवर परिणाम होतो का, ते तपासले. नोंदणीकृत खरेदीदार शेतकऱ्याकडून कच्चा कापूस घेतो तेव्हा 5 टक्के कर 15 नोव्हेंबर 2017 पासून खरेदीदारालाच उलट आकारणीने भरावा लागतो, आणि स्वतःच्या नावे बिलही त्यालाच करावे लागते. या व्यवस्थेत बदल झालेला नाही. काही करावे लागले नाही.

23 सप्टेंबर, मंगळवार

सायंकाळी साडेसहाला आबांचा फोन आला. पावसामुळे वेचणीचा कापूस ओला येणार, सगळ्यांना एकच भाव लावला तर कारखाना बुडेल, म्हणून ओलाव्यानुसार भाव आपोआप कमी झाला पाहिजे आणि हे दसऱ्याला पाहिजेच, असे त्यांचे म्हणणे होते. त्याच फोनमध्ये त्यांनी आणखी चार गोष्टी जोडल्या: ओलावा मोजणारे यंत्र प्रणालीला जोडावे, ओल्या मालाचा साठा वेगळा दिसावा, गावनिहाय सरासरी ओलावा कळावा, आणि गेल्या वर्षीच्या ओलाव्याशी तुलना दिसावी. स्प्रिंट संपायला तीन दिवस उरले होते.

मी हो म्हणालो नाही आणि नाहीही म्हणालो नाही. तीन प्रश्न विचारले. ओलाव्याची कपात आज कोण ठरवतो? ती कुठे लिहिलेली आहे? आणि दसऱ्याला ही सोय तयार नसली, तर त्या दिवशी काट्यावर प्रत्यक्षात काय घडेल? पहिल्या दोन प्रश्नांना ‘मुनीमजी पाहतात’ एवढेच उत्तर मिळाले. तिसऱ्या प्रश्नावर आबा क्षणभर थांबले आणि म्हणाले की पहिल्या दिवशी दहा-पंधरा गाड्यांचा हिशोब मुनीमजी हाताने करतील, पण त्यानंतर आवक वाढली की गाड्यांची रांग रस्त्यापर्यंत जाईल आणि शेतकऱ्यांशी रोज वाद होतील. हे उत्तर मला फार मोलाचे वाटले. दसरा ही मुहूर्ताची तारीख आहे आणि खरी अडचण त्यानंतरच्या आठवड्याची आहे, हे त्यातून कळले.

फोननंतर आमच्यातच मतभेद झाले. एका सहकाऱ्याने 2001 च्या ॲजाइल जाहीरनाम्यामागील (ॲजाइल म्हणजे सॉफ्टवेअर लहान टप्प्यांत, बदल सामावून घेत तयार करण्याची पद्धत) बारा तत्त्वांपैकी दुसऱ्याची आठवण दिली. गरजा उशिरा बदलल्या तरी त्या बदलांचे स्वागत करावे, कारण त्यात ग्राहकाचा फायदा असतो, असे ते तत्त्व सांगते. टेस्टिंगच्या ताईंनी स्क्रम, म्हणजे स्प्रिंटने काम करण्याची पद्धत, हिच्या 2020 च्या स्क्रम गाइडकडे बोट दाखवले, ज्यात स्प्रिंटचे ध्येय धोक्यात येईल असा बदल स्प्रिंटच्या काळात करू नये, असे म्हटले आहे. दोघेही बरोबर होते. त्याच गाइडमध्ये पुढे असेही म्हटले आहे की जसजशी अधिक माहिती मिळेल, तसतशी कामाची व्याप्ती प्रॉडक्ट ओनरशी बोलून स्पष्ट करता येते आणि नव्याने ठरवता येते. म्हणजे बदल उशिरा आला की वेळेवर आला, याहून वेगळा प्रश्न विचारायला हवा: तो आपल्या ध्येयाच्या आड येतो आहे, की त्याच्याशिवाय आपले ध्येयच अपुरे राहते आहे? ओल्या मालाची गाडी आली आणि मुनीमजींना वही उघडावी लागली, तर भिंतीवरचे वाक्य खोटे ठरते. म्हणून उद्या स्वतः जाऊन पाहायचे ठरवले.

24 सप्टेंबर, बुधवार

सकाळी बांभोरीचा गिरणा पूल ओलांडून पाळधीमार्गे धरणगावला गेलो. ताई सोबत होत्या. आजच्या भेटीत जे कळले ते तपशिलाने लिहितो, कारण हे काम फोनवर ऐकून केले असते तर आपण चुकीची गोष्ट अचूकपणे तयार केली असती.

मुनीमजींनी गेल्या हंगामाची लाल कापडी बांधणीची वही काढली. 8 टक्के ओलाव्यापर्यंत पूर्ण भाव, आणि त्यावर प्रत्येक टक्क्याला एक टक्का कपात, असा कारखान्याचा रिवाज आहे. 8 टक्के हा आधार आणि 12 टक्के ही कमाल मर्यादा भारतीय कापूस महामंडळाच्या खरेदीतही असते, त्यामुळे शेतकऱ्यांना हे आकडे परिचयाचे आहेत. येथपर्यंत सर्व सोपे वाटले. मग ताईंनी वहीतील एक नोंद स्वतः करून पाहिली आणि तिथे अडचण निघाली.

उदाहरणासाठी त्या नोंदीतील निव्वळ वजन 23.80 क्विंटल, ओलावा 12 टक्के आणि भाव 7,000 रुपये धरू. आबांनी फोनवर सांगितले होते की कपात भावात करायची, म्हणजे भाव 6,720 होतो आणि रक्कम 1,59,936 रुपये येते. मुनीमजींच्या वहीत मात्र भाव 7,000 च होता आणि वजन 22.848 क्विंटल लिहिलेले होते. रक्कम तीच, पैशाचाही फरक नाही, म्हणून इतकी वर्षे कोणाच्या लक्षात आले नाही. परंतु वहीतले वजन साठ्यात गेले की कारखान्यात आलेला कापूस जवळजवळ एक क्विंटलने कमी दिसतो. त्या गाडीतून 8 क्विंटल रुई निघाली असे धरले, तर खऱ्या वजनावर उतारा, म्हणजे कापसातून निघणाऱ्या रुईचे प्रमाण, 33.6 टक्के येतो आणि वहीतल्या वजनावर तो 35 टक्के दिसतो. रुईच्या खंडीचा सौदा करताना आबा ज्या उताऱ्यावर विसंबतात, तो आकडा ओल्या मालाच्या दिवसांत असा फुगलेला असतो.

ही गोष्ट मी आबांना आणि मुनीमजींना एकत्र बसवून कागदावर मांडून दाखवली. मुनीमजींना कमीपणा वाटू नये याची काळजी घेतली, कारण त्यांची पद्धत पैशाच्या हिशोबाला पूर्ण बरोबर होती. आबा बराच वेळ कागद पाहत राहिले. शेवटी त्यांनीच ठरवले की वजन काट्यावर येईल तेच राहील आणि कपात फक्त भावात होईल.

दुसरा प्रश्न पूर्णांकाचा होता. ओलावा 11.6 निघाला तर कपात 3.6 टक्के की 4 टक्के? वरच्याच गाडीवर 3.6 ने 1,60,602 रुपये 40 पैसे होतात, म्हणजे शेतकऱ्याच्या हातात 666 रुपये 40 पैसे जास्त पडतात. मुनीमजी आजवर पूर्ण आकडा धरत आले होते, कारण हाताने हिशोब करताना ते सोपे जाते. आबांनी दशांश धरायला होकार दिला. संगणक आल्याने एखाद्या शेतकऱ्याला त्याचे न्याय्य सहाशे रुपये मिळणार असतील, तर माझ्या दृष्टीने या स्प्रिंटचे सर्वांत मोठे काम तेच आहे.

आम्ही काट्याजवळ उभे असताना एक शेतकरी पिशवीत मूठभर कापसाचा नमुना घेऊन भाव विचारायला आला. तो म्हणाला, “भाऊ, माल वला शे, मंग कितला कापशात ते आधी सांगा.” त्याचा रोख भावापेक्षा कपातीवर होता. हिशोबपट्टीवर ओलावा, मूळ भाव आणि कपातीनंतरचा भाव हे तिन्ही आकडे स्वतंत्र ओळींत छापायचे, हे तेव्हाच ठरले. अशी मागणी आमच्याकडे कोणीच केलेली नव्हती.

12 टक्क्यांवरील मालाचे काय, असे विचारल्यावर आबा म्हणाले की तो माल पाहून, हाताळून आणि बोलून ठरतो, त्याला नियम नाही. मग तिथे नियम लावायचा नाही. भाव हाताने भरता येईल आणि कारण लिहावे लागेल, एवढेच करायचे.

25 सप्टेंबर, गुरुवार

काल रात्री पाच मागण्यांची वाटणी केली. ओलाव्याचा आकडा भरणे, त्यावरून भाव काढणे आणि पट्टीवर छापणे हा एक भाग दसऱ्याआधी होईल. यंत्राची थेट जोडणी, ओल्या मालाचा वेगळा साठा, गावनिहाय सरासरी आणि गेल्या वर्षीची तुलना हे चारही बॅकलॉगमध्ये गेले. शेवटच्या दोन गोष्टींना तर आधी महिनाभराच्या नोंदी जमाव्या लागतील, त्यामुळे त्या आज करून उपयोगच नाही. हे आबांनी एका वाक्यात मान्य केले.

आता या कामाला जागा कुठून द्यायची, हा खरा कठीण भाग. पहिल्या भागाला आपण पाच गुण दिले; गुण म्हणजे कामाच्या आकाराचा आपला अंदाज. माणसे तीच, दिवस दोन. रात्री जागून दोन्ही करू, असे सहकारी म्हणाले आणि त्यांच्या तयारीबद्दल मला आदर आहे, पण मी ते मानले नाही. थकलेल्या माणसाने लिहिलेला पैशांचा हिशोब दसऱ्याच्या दिवशी शेतकऱ्यांच्या हातात पडणार आहे. म्हणून आबांना फोन करून विचारले की आठ गुणांचा डॅशबोर्ड पुढे ढकलला तर ओलाव्याचे काम चाचणीसह पूर्ण होईल. दोन्हींपैकी दसऱ्याला काय हवे? बाहेर काय जाणार हे आपण परस्पर ठरवले असते, तर डॅशबोर्ड न दिसल्यावर त्यांना फसवल्यासारखे वाटले असते. त्यांनी थोडी नाराजी दाखवली, पण ‘ओलावा आधी’ असे उत्तर दिले. मी तोच निर्णय दोन ओळींत लिहून व्हॉट्सॲपवर पाठवला आणि त्यांनी ‘ठीक’ असे कळवले. बदल काय, का, त्याच्या बदल्यात काय मागे गेले आणि निर्णय कोणाचा, एवढेच त्या दोन ओळींत होते. करारनाम्याची भाषा तिथे नको होती.

26 सप्टेंबर, शुक्रवार

स्प्रिंट संपला. ओलाव्याचे काम दुपारी चारला चाचणीसह पूर्ण झाले. डेमोत मुनीमजींनी स्वतः पाच पट्ट्या काढून पाहिल्या. बँकेच्या भरणा यादीत एक दोष राहिला होता, तो उघडपणे सांगितला आणि सोमवारी दुरुस्त करू असे कळवले.

30 सप्टेंबर, मंगळवार

भरणा यादी दुरुस्त झाली. गेल्या हंगामाच्या वहीतील ओल्या मालाच्या चाळीस नोंदी प्रणालीत भरून पाहिल्या. त्यांपैकी तीन ठिकाणी रक्कम जुळली नाही. दोन ठिकाणी पूर्णांकाचा फरक होता, म्हणजे अपेक्षितच. तिसऱ्या ठिकाणी वहीतच बेरीज चुकलेली निघाली. मुनीमजींनी ती स्वतः पुन्हा केली आणि पेन्सिलीने बाजूला खूण केली.

1 ऑक्टोबर, बुधवार

रात्री पावणेनऊला आबांचा फोन: पट्टी निघताच शेतकऱ्याच्या मोबाइलवर संदेश जावा, उद्यापासूनच. यावेळी मी लगेच नाही म्हणालो आणि कारण सांगितले. व्यापारी संदेश पाठवायला पाठवणाऱ्याचे नाव आणि संदेशाचा मजकूर दूरसंचार नियामक ट्रायच्या नियमांनुसार डीएलटी या संदेश पाठवणाऱ्यांच्या नोंदणीत आधी मंजूर करून घ्यावा लागतो, तो कारखान्याच्या नावानेच करावा लागतो, आणि आपण कितीही जागलो तरी ते एका रात्रीत होणारे नाही. शिवाय उद्या संदेश गेला नाही म्हणून कोणाची गाडी अडणार नाही. आबांनी पुन्हा आग्रह केला नाही. नाही म्हणताना कारण खरे असले आणि ते लगेच सांगितले, तर समोरचा माणूस दुखावत नाही, असा माझा अनुभव आहे. कोणती कागदपत्रे लागतील, ते लिहून सकाळी देतो, असे कबूल केले.

2 ऑक्टोबर, गुरुवार, दसरा

काट्यावर झेंडूची माळ चढली, नारळ फुटला आणि सव्वादहाला पहिली गाडी काट्यावर आली. काटा पाहणारे नाना ओलावा मोजायचे यंत्र घेऊन गाडीवर चढले, त्यांनी कापसात तीन ठिकाणी ते खुपसले आणि खाली येऊन तळहात पुढे केला. तळहातावर पेनाने तीन आकडे लिहिलेले होते: 12.6, 13.4, 13.6. आपल्या पडद्यावर मात्र ओलाव्याचा एकच रकाना होता. नानांनी मनातल्या मनात सरासरी काढून 13.2 सांगितली आणि ती अचूक होती. पण पहिलीच गाडी 12 टक्क्यांच्या वर निघाली! भाव आबांनी आणि शेतकऱ्याने बोलून ठरवला, हाताने भरला, कारणात ‘पावसाचा माल’ असे लिहिले आणि पट्टी छापली. नियम न लावण्याचा 24 तारखेचा निर्णय पहिल्याच गाडीला उपयोगी पडला.

दिवसभरात अकरा गाड्या झाल्या. वही उघडावी लागली नाही. एका शेतकऱ्याने पट्टीवरचे तीन आकडे मोठ्याने वाचून आपल्या मुलाकडून हिशोब करून घेतला आणि पट्टी घडी घालून खिशात ठेवली.

6 ऑक्टोबर, सोमवार

मागील स्प्रिंटचा आढावा घेतला. 23 तारखेचा फोन उशिरा का आला, यावर सर्वाधिक वेळ गेला. पाऊस कोणाच्या हातात नव्हता, पण ओलाव्याची कपात हा या धंद्यातला नेहमीचा व्यवहार आहे, तो वहीत वर्षानुवर्षे लिहिलेला होता, आणि आपण ऑगस्टमध्ये माहिती घेताना वही मागितलीच नव्हती. आबांशी बोललो, मुनीमजींशी थोडे, नानांशी अजिबात नाही. हा दोष आपला आहे. यापुढे प्रत्येक स्प्रिंटच्या पहिल्या आठवड्यात आपल्यापैकी एकाने अर्धा दिवस काट्यावर उभे राहायचे आणि त्या दिवशी कोणतेही सादरीकरण करायचे नाही, असे ठरले. या आठवड्यात नवा सहकारी जाणार आहे. मुनीमजींनीच त्याला बोलावले आहे.

स्प्रिंटच्या क्षमतेतील थोडा भाग हंगाम चालू असेपर्यंत मोकळा ठेवावा, अशी ताईंची सूचना होती. ती मान्य केली, मात्र त्या जागेत काय घ्यायचे, ते माझ्यामार्फत आबा ठरवतील. डॅशबोर्ड या स्प्रिंटमध्ये घेतला आहे, कारण तो शब्द अजून आपल्यावर आहे. संदेशाच्या नोंदणीची कागदपत्रे कारखान्याकडून आज आली.

बॅकलॉगमध्ये सर्वांत वर एक नवे काम ठेवले आहे: ओलाव्यासाठी एकाऐवजी तीन रकाने, आणि सरासरी प्रणालीने काढावी.